एका बोटानं उघडणारं दार

४ मार्च, आष्टा
आज ठरवलं. महाबळेश्वरच्या बंगल्याचं दार बदलायचं. गेल्या श्रावणात सागवानी दार पावसानं फुगलं आणि आमचे व्याही, सुभेदार नाथाजी, आत अडकले. शेवटी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर आले. निम्मे आले, मग अडकले, मग उरलेले आले. खिडकी लहान आहे यात माझा दोष नाही. रिटायर झाल्यापासून व्याही वाढलेत.
तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. निरोप त्यांच्या सुनेमार्फत, म्हणजे माझ्या लेकीमार्फत, शिवांजलीमार्फत. पोरीची दोन्हीकडून फरफट. परवा फोनवर रडली. तिच्याकरवीच कळवलं: यंदा भर पावसात या, दार एका बोटानं उघडेल.
उत्तर आलं: बघू.
'बघू'मध्ये काहीतरी आहे.

११ मार्च
सांगली. दारांचं शोरूम. मालक धैर्यशील म्हणून तरणा पोरगा, फार गोड बोलतो. गोड बोलणाऱ्याचं कलिंगड आतून पांढरं निघतं. मी हातगाडीवर कलिंगडं विकून चार टेम्पोंचा मालक झालेला माणूस. टिचकी मारली की आतलं कळतं.
त्याचं म्हणणं, महाबळेश्वरात लाकूड फुगणार, लोखंड गंजणार, प्लायचे पापुद्रे सुटणार. फायबरग्लासचं घ्या. दिसायला लाकूड, पोटात फोम. थंडी, ओल, वारा, आवाज, काही म्हणून आत येत नाही. इतके गुण लोक स्थळ सांगतानासुद्धा सांगत नाहीत. संशय बळावला.
सगळ्या दारांवर टिचकी मारली. लोखंडी ढणढणलं. प्लायचं पोकळ बोललं. फायबरग्लास फक्त 'ठप्प'. पिकलेलं कलिंगड असंच बोलतं. हेच घ्यायचं.
निघताना तो हळूच कामगाराला म्हणाला, काका पक्के दिसतात. ऐकलं मी. कौतुक का इशारा, ते कळलं नाही.

१९ मार्च
दाराचा कापलेला नमुना मागून आणला, पाण्याच्या बॅरलमध्ये बुडवून ठेवला. हिनं विचारलं, दार महाबळेश्वरात बसवायचंय का बॅरलमध्ये. दुर्लक्ष.
आज काढून दुकानाच्या काट्यावर ठेवला. गुंजभर वजन वाढलं नाही. म्हणजे काटा खोटा. साखर तोलून बघितली, काटा खरा. म्हणजे नमुना खास बनवलेला, खरं दार वेगळं येणार. नमुन्यावर सही करून ठेवली. यातून काय साधलं ते नंतर बघू.

२ एप्रिल
ऑर्डर दिली. धैर्यशील म्हणाला, शेजारी काचेची उभी पट्टी टाकू. चोराला सोय. मग दारात बघायचं भोक सुचवलं. आपण बाहेर बघणार तर बाहेरचा आत नाही का बघणार? मग शेवटी हळूच मुद्द्यावर आला: बेल. म्हणाला, काका, ह्या दाराला बेल लागतेच.
खरी कमाई बेलमध्ये असणार.
त्याला सांगितलं, आंब्याची पेटी हलवली तर आत किती सडलेत ते मला ऐकू येतं. बेल कशाला? ही म्हणाली, "आवं, घ्या की. कान तुमचं हायेत, दार त्याचं हाय." हिला त्यानं चहा पाजला होता. फितूर.

३० एप्रिल, महाबळेश्वर
अक्षय तृतीया. दार बसलं. चौकटीला कडेनं रबर लावलंय. फट लपवायला असणार. कागदाची पट्टी दारात धरून बंद केलं आणि ओढली. कागद फाटला, पण सुटला नाही. एका बोटानं उघडून बघितलं. उघडलं. करंगळीनंही उघडलं.
फसवलंय कुठं ते सापडत नाही. पोरगा हुशार आहे.

१४ जुलै, सकाळी
आज व्याही. शिवांजलीनं महत्प्रयासानं तयार केलंय. पुन्हा फजिती झाली तर मी मधून निघाले, असं तिनं बजावलंय. साताऱ्यातून टॅक्सीनं येणार. ही स्वयंपाकघरात भजी तळतेय. मी दाराशेजारी खुर्ची टाकलीय. पहिली थाप पडली की बोट लावायचं.

दुपारी बारा
बाहेर पाऊस तुफान असणार. झडीला आडोसा म्हणून शेजाऱ्यांनी घराला गवताचे झाप बांधलेत. आत मात्र आवाजाचं नाव नाही. माझा श्वास मला ऐकू येतोय. दार म्हणजे दार!

साडेबारा
नाहीत आले. मोबाईलला रेंज नाही.

एक
आता कळलं 'बघू'चा अर्थ. हा डाव आहे. मला दिवसभर ताटकळत ठेवायचं आणि गावभर सांगायचं. दार उघडून रस्त्यावर नजर टाकावी असं वाटलं. पण नको. वाट बघतोय असं दिसता कामा नये.

पावणेदोन
पुढच्या वर्षी त्यांना आंबे नाहीत. शिवांजलीला सांगणार, बाई, तुझ्या सासऱ्याची नियत बघ.

संध्याकाळी
व्याही आले.
खिडकीतून आले. स्वयंपाकघराच्या.
भज्यांचा धूर जावा म्हणून हिनं खिडकी उघडली, तर समोर भिजलेल्या मिशा. म्हणाले, "विहीणबाई, जरा हात द्या. ह्या घराची वाट आता पाठ झालीया." टॅक्सीवाला त्यांना सोडून गेला होता. त्यांनी आधी टकटक केली, मग थापा, मग बुक्क्या, मग पलटणीला देतात तशी हाक. मी दारापासून हातभर अंतरावर होतो. काही ऐकलं नाही. पावसाचा दोष.
दार एका बोटानं उघडून दाखवलं. डोक्यावर टॉवेल धरून त्यांनी बघितलं. उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. वर्षभरानं पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले.
"पाव्हणं, दार लय भारी हाय. आतल्या माणसासाठी."
थेट बोलले, हे महत्त्वाचं. संबंध सुधारतायत. रेंज आल्यावर शिवांजलीचा फोन आला, तिनं फक्त हिच्याशीच बोलायचं म्हटलं.

२ ऑगस्ट, महाबळेश्वर
व्याह्यांकडून भेट आली. बैलाच्या गळ्यातली पितळी घंटा. सोबत शिवांजलीमार्फत निरोप: दाराला बांधा, न्हाईतर स्वतःला. हे सांगताना पोरगी बऱ्याच दिवसांनी हसली. माझ्याशी बोलता बोलता हसली.
घंटेला टिचकी मारली. आवाज खणखणीत, कुठं तडा नाही. फुकटात खोट नसलेली वस्तू कोण देतं? असो. बाहेरून चौकटीला टांगली.
आता चाचणी. ही बाहेर जाऊन वाजवणार, मी आत बसून ऐकणार. दार लावून घेतलंय. पाऊस सुरू असावा.
बसलोय. कान तयार आहेत.
अजून बसलोय. भाजी करपल्याचा वास येतोय.
ही काही वाजवायला सुरुवात करत नाही. बाहेर करतेय तरी काय?