शेवटचा शॉट आणि साळूबाईचा नळ

मी, वैजनाथ दत्तोपंत धारूरकर, वय ६१, धंदा लग्नाचे व्हिडिओ शूटिंग, राहणार गारखेडा, औरंगाबाद, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. उद्या सकाळी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. काळजीचं कारण नाही असं डॉक्टर म्हणतात, पण त्यांनी माझी सही आधीच घेऊन ठेवली आहे. तेव्हा मीही एक कागद करून ठेवतो.

१. राहता फ्लॅट माझी पत्नी उमा हिला. घेतला तेव्हा खिडकीतून डोंगर दिसायचा, आता समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले कपडे दिसतात. ठेवायचा की विकायचा, हे तिचं तिनं ठरवावं. माझ्या भावानं यात तोंड घालू नये. वडिलांच्या शेतात प्लॉट पाडताना त्यानं मला विचारलं नव्हतं.

२. क्रांती चौकातलं दुकान, दिवे, ट्रायपॉड आणि सगळी गिऱ्हाइकं भाचा हिमांशू याला. पोरगा कष्टाळू आहे. खोड एकच, समोर माणूस आला की लगेच त्याच्या तोंडावर दिवा मारतो. लग्नात ते बरोबर आहे, कारण एखादी मावशी अंधारात राहिली तर वऱ्हाड भांडायला येतं. सिनेमात मात्र ते चालत नाही, हे मी त्याला सांगून सांगून थकलो.

३. कॅमेरा, जुनी चांगली लेन्स आणि काळे पडदे मुलगी सई हिला. कमी पैशात सिनेमा करणारे सगळे म्हणतात, दिवे आणा. मी म्हणतो, दार लोटा, खिडकीवर काळं कापड टाका आणि नको तेवढा उजेड आधी बाहेर काढा. भर दुपारी शूटिंग करू नये. पत्र्याच्या घरात आवाज घुमतो, तिथं कॅमेऱ्याच्या मागं गोधड्या टांगाव्यात. ड्रोन भाड्यानं आणू नये. आमचा सिनेमाचा पहिला प्रयत्न पाहून इथल्या एका समीक्षकानं 'लग्नाची कॅसेट छान झाली' असं म्हटलं होतं. त्याला या नव्या सिनेमाच्या पहिल्या खेळाला बोलवावं आणि अगदी पुढच्या रांगेत बसवावं. मान दुखू दे त्याची.

४. आता सिनेमा. साळूबाई ही अजिंठ्याजवळच्या वस्तीवरची शेतकरी बाई. स्वतःच्याच घरात, टँकरची वाट पाहणाऱ्या बाईचं काम तिनं तीन उन्हाळे केलं. एक शॉट राहिला आहे. रिकाम्या घागरी घेऊन ती उंबऱ्यात बसते, अर्धा चेहरा अंधारात, मागे उघडं माळरान. तो घ्यायला गेलो आणि तिच्याच उंबऱ्यावर माझ्या छातीत कळ आली. आता हिमांशूच्या लग्नाच्या ऑर्डरी रविवारी संपतील, तेव्हा त्यानं आणि सईनं तो घ्यायचा, असं ठरलं आहे. पण सरकारी योजनेचा पाइप तिच्या कुंपणापर्यंत आला आहे. उद्या अंगणात नळ सुटणार. पाणी दारात असताना रिकाम्या घागरी घेऊन बसलेली बाई कुणाला खरी वाटेल? तो शॉट म्हणजेच माझा सिनेमा. मला तो जिवापाड हवा आहे.

इथवर लिहिलं आणि हिमांशूचा फोन आला.

"मामा, काम झालं. ठेकेदाराला म्हणलं, आठ दिवस नळ सोडू नको, तुझ्या पोरीच्या लग्नाचं शूटिंग फुकट करून देतो. तुम्ही बिनघोर जा आत."

मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू, क्षणभर छातीवरचं ओझंच उतरलं. मग विचारलं, "साळूबाईला सांगितलंस?"

"तिला कशाला? आठ दिवसांनी काय फरक पडतोय?"

मी साळूबाईला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"दादा, सूनबाईला सातवा महिना हाय. टँकर आला की तीच पळती घागर घिऊन. मला गुडघ्यानं व्हत नाय. पन तुमचा पिच्चर आडला आसंल तर बसते की आठ दिस. तुमी सांगा."

ती भांडली असती तर मी हट्ट धरला असता. ती मला विचारत होती, आणि मला लाज वाटली.

५. म्हणून कलम ४ मधला शेवटचा शॉट मी रद्द करतो. दुसऱ्या बाईला बसवून तो घेऊ नये, नळ झाकून घेऊ नये, कॉम्प्युटरवर नळ पुसू नये. आहे तिथं सिनेमा संपवावा. त्याचे सर्व हक्क सईला. हिमांशूनं नळ एक तासही अडवला तर कलम २ रद्द समजावं आणि दुकानही सईला जावं. हे त्याला आजच वाचून दाखवणार आहे.

६. सईनं उद्या शस्त्रक्रियेच्या वेळी दवाखान्यात थांबू नये. पहाटे निघून साळूबाईकडे जावं. कॅमेरा नेऊ नये. ठेकेदारासमोर उभं राहून नळ सोडून घ्यावा आणि साळूबाईच्या सुनेची घागर भरल्यावरच परत फिरावं. शुद्धीवर आलो की मी पहिलं तेच विचारणार आहे. नाही आलो, तरी माझ्या कानाशी येऊन सांगावं, "बाबा, पाणी आलं."

वरचा मजकूर दोन्ही साक्षीदारांना मोठ्यानं वाचून दाखवला. हिमांशूही ऐकत होता. त्यानंतर त्यांच्यासमोर सही केली.

सही: वै. द. धारूरकर

साक्षीदार:
१. रामकिसन भानुदास तौर, औषध दुकानदार (सही)
२. चारुता मुकुंद पाठक, शेजारी (सही)

ठिकाण: औरंगाबाद
दिनांक: २५ एप्रिल २०१९