परवानगीने लावलेली पाचर

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर चिडलेली आहे. लोक गेलेल्या बापाला लिहायला बसले की त्यांना गहिवरून येतं म्हणे. मला राग येतो. आपल्या दोघांचं आयुष्यात खरं भांडण झालं ते एकदाच, तेही एका इंग्रजी शब्दावरून, आणि तोच शब्द या आठवड्यात माझ्या टेबलावर येऊन बसला. तुम्ही समोर असता तर तोंडावर बोलले असते. नाही आहात, म्हणून लिहितेय.

चाकणजवळ महाळुंग्याच्या त्या कंपनीत तुम्ही पत्रा दाबायच्या प्रेसवर होता. सुपरवायझर आईच्या माहेरचे, म्हणून आम्ही त्यांना मामा म्हणायचो. त्यांनीच तुम्हाला गावाहून आणून तिथे चिकटवलं, मग तुमच्या चुलतभावाला, मग गावातल्या अर्ध्या गल्लीला. प्रेसला दोन बटणं असायची. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा भाग खाली यायचा, म्हणजे हात आत राहायची भानगडच नको. पण दोन्ही हात बटणांवर अडकले की माल कमी निघतो. म्हणून शिफ्ट सुरू होताना मामा खिशातून लाकडी पाचरी काढायचे आणि देवळात प्रसाद वाटावा तशा वाटायचे. एक बटण पाचर मारून कायमचं दाबून ठेवायचं, एका हाताने दुसरं बटण चालवायचं आणि मोकळ्या हाताने पत्रा सरकवायचा. साहेब लोक राउंडला निघाले की मामा शिट्टी मारणार आणि सगळ्या पाचरी खिशात जाणार. हे तुम्हीच जेवताना हसत हसत सांगायचात. ‘मामाची पाचर बसली की मशीन कसं घोड्यावानी पळतं!’ आई म्हणायची, अहो, जपून. तुम्ही म्हणायचात, मामा हायेत की.

मग एक दिवस पत्रा आत अडकला, तुम्ही तो सोडवायला हात घातला आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. पिंपळे गुरवच्या आपल्या त्या खोलीत तुम्ही भिंतीला टेकून बसलेले मला अजून दिसता. पट्टीवर डाग आहेत. मामा येतात, हातात केळी आणि एक पाकीट. आई चहा टाकते. मामा म्हणतात, ‘दाजी, टेन्शन घेऊ नका, नुसती फॉर्मॅलिटी आहे.’ पाकिटात कंपनीची कारणे दाखवा नोटीस असते आणि तिला जोडलेला, आधीच टाइप केलेला तुमचा माफीनामा. दोन्ही इंग्रजीत. तुम्ही मशीनच्या सुरक्षा यंत्रणेशी टॅम्परिंग केलंत, असं नोटिशीत म्हटलंय. मी केलं, असं माफीनाम्यात. काय पण सोय! आरोपही त्यांचा, कबुलीही त्यांचीच, आपली फक्त सही.

मी बारावीत होते. शब्द धड कळला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी कॉलेजात इंग्रजीच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, कुणाची परवानगी नसताना एखाद्या वस्तूत हात घालून तिची चाल बिघडवणं, त्याला टॅम्परिंग म्हणतात. आणि वरच्याने सांगूनच केलं असेल तर, असं मी विचारलं. ‘मग तो शब्द इथे लागत नाही. मग जबाबदारी सांगणाऱ्याची.’ मला तर आभाळ ठेंगणं झालं. घरी येऊन मी तुमच्या वतीने उत्तर लिहिलं, माझ्या आयुष्यातलं पहिलं खरंखुरं इंग्रजी. पाचर सुपरवायझर देतात, रोज देतात, सगळ्यांना देतात. सबब टॅम्परिंग हा शब्द चुकीचा आहे आणि मला मान्य नाही. मग तुमच्यासमोर बसून ओळ न् ओळ मराठीत सांगितली. वाटलं होतं, तुम्ही आईला हाक मारून म्हणाल, बघ आपली पोरगी.

तुम्ही विचारलंत, ‘आन् मामाचं काय?’

‘मामांचं मामा बघतील.’

‘त्याच्या शब्दावर लागलेली पोरं हायेत तितं. उद्या तो गेला तर ती बी जातेत. गावात कुन्या तोंडानं जाऊ मी?’

‘आणि तुमची बोटं? तुम्ही गुन्हेगार ठरताय अण्णा, कळतंय का?’

‘ठरू दे. बोटं काय ह्या कागदानं परत येनार हायेत? तू लई शिकलीस, पन तुला मानसं न्हाईत कळत.’

आणि मामा कागद न्यायला परत आले तेव्हा तुम्ही सही केलीत. उजवा हात पट्टीत, म्हणून डाव्या हाताने, अंगणवाडीतल्या पोरासारखी वाकडीतिकडी. कुठे करायची ते मामांनी बोट ठेवून दाखवलं. माझं उत्तर आईने घडी घालून फळीवरच्या कागदाखाली सारलं. पुढे खोली बदलली तेव्हा ते कुठे गेलं कुणास ठाऊक.

त्यानंतर तुम्हाला स्क्रॅप वेचायला लावलं. कंपनीत तुमचं नाव पडलं टॅम्परिंगवाला. कालची पोरंही त्याच नावाने हाक मारायची आणि तुम्ही ओ द्यायचात! सुरक्षा सप्ताहात सगळ्यांना ओळीत उभं करून, उजवा हात पुढे धरून शपथ घ्यायला लावायचे. तुम्हीही घ्यायचात, तो हात पुढे करून. हे मला चुलत्यांनी सांगितलं, आणि सांगताना ते हसत होते. मामा वर चढत गेले, निवृत्त झाले तेव्हा त्यांना शाल-श्रीफळ मिळालं. तुमच्या दहाव्याला आले होते. कावळा शिवेना, सगळे ताटकळत उभे. मी मनात म्हटलं, अडलंय ते बरंच झालं, निदान आता तरी काहीतरी मागा. आई बोलली, मी बोलले, काही नाही. मग मामा पुढे झाले, हात जोडून म्हणाले, ‘दाजी, पोरीची काळजी करू नका, मी आहे.’ आणि लगेच कावळा शिवला. म्हणजे तेव्हाही तुम्ही त्यांचंच ऐकलंत. त्यानंतर मामांनी कधी फोनसुद्धा केला नाही.

मी सेफ्टी ऑफिसर झाले. चाकणलाच, दुसऱ्या कंपनीत. वडिलांच्या अपघातामुळे हा रस्ता धरला, असं लोक कौतुकाने म्हणतात. म्हणू देते.

आता या आठवड्याचं ऐका. आमच्या प्रेसला बटणांबरोबर सेन्सरही असतो. हात आत गेला की मशीन जागच्या जागी थांबतं. लाइन लीडर त्या सेन्सरला चिकटपट्टी लावून आंधळा करायला सांगतो, कारण तेच, माल. ठेकेदाराकडून आलेल्या एका बाईच्या बोटाचं पेर गेलं. जालन्याकडची आहे, साधारण माझ्याच वयाची. अहवाल मी लिहायचा. मॅनेजर केबिनमध्ये येऊन खुर्ची ओढून बसले. ‘मॅडम, एक शब्द टाका ना, टॅम्परिंग. विषय क्लोज.’ मी त्यांना शब्दाचा अर्थ सांगितला. ते म्हणाले, ‘अहो, इंग्रजीचा पेपर आहे का हा?’

मग ती बाईच आली. पट्टी बांधलेला हात छातीशी धरून. ‘मॅडम, सायेब म्हनतेत तसंच लिवा. माजा दीर हितं हाय, जाऊ हाय, समद्यांना त्या लीडरनंच लावलंय. मी म्हनते ना, माजी चूक.’ मी तिला समजावलं. कायदा सांगितला, हक्क सांगितले, चूक तिची नाही हे चार वेळा सांगितलं. ती ऐकून घेत होती, आपण बँकेतल्या माणसाचं ऐकतो तसं. माझं संपल्यावर म्हणाली, ‘मॅडम, बोट माजं हाय का तुमचं?’

ती गेली आणि मी अहवाल लिहिला. सेन्सर लाइन लीडरच्या सांगण्यावरून बंद केला होता, रोज केला जात होता, सबब हे टॅम्परिंग नव्हे. एक शब्द इकडचा तिकडे न करता पाठवला. पाठवताना मला आनंद झाला होता, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही.

लाइन लीडरची दुसऱ्या प्लांटला बदली झाली, एवढंच. ठेकेदाराने त्या बाईचा गेटपास बंद केला, दिराचा केला, जावेचाही केला. आज सकाळी तिघं गेटवर उभे होते. वॉचमन त्यांना हाकलत होता. माझी गाडी दिसली तशी जाऊ पुढे यायला लागली, तर त्या बाईने तिला दंडाला धरून मागे ओढलं आणि माझ्याकडे पाठ केली. वर जाऊन मी मॅनेजरांशी भांडले, ठेकेदाराला फोन लावला. मॅनेजर म्हणाले, ‘मॅडम, तुमचा अहवाल अगदी करेक्ट आहे. आम्ही कुठे नाही म्हणतोय?’

तुम्ही बरोबर होता असं मी म्हणणार नाही, अण्णा. नव्हतात. त्या सहीने तुम्ही मामांना वाचवलंत आणि पाचरीलाही. पण आज दुपारी डबा समोर तसाच पडून होता आणि मला एक गोष्ट कळली. ती बाई केबिनमध्ये उभी राहून जे काही मागत होती, ते मी तिच्या तोंडून ऐकतच नव्हते. मला तुम्ही दिसत होता. मला तुम्हाला हरवायचं होतं, आणि त्यासाठी तिची नोकरी खर्ची पडली. तिने नको म्हटलं होतं, स्पष्ट म्हटलं होतं. मी तरीही तिच्या संसारात हात घातला. याला काय म्हणतात ते इंग्रजीच्या मॅडमनी मला बारावीत शिकवलंय.

हे पत्र कुठे जाणार नाही, ते उघड आहे. पण खरं सांगू? तुम्ही आज जिवंत असता, पलीकडच्या खोलीत बसलेले असता, तरी मी हे तुमच्या हातात दिलं नसतं. तुम्ही वाचून नुसतं आईला म्हणाला असता, ‘तिला जेवायला वाढ.’ आणि तेवढं मला सहन झालं नसतं.