आजीने घासलेला ट्रंपेट

॥ श्री ॥
धारगळ, ५ जानेवारी २०२५

चि. ऋतिका हिस आजीचे अ. उ. आ.

बाय, हे मी सांगते आणि तुझी आई लिहिते. फोनवर तू नुसती किंचाळलीस, म्हणून आता कागदावर नीट ऐक.

म्हापशाच्या बाजारात घेतलेला तुझा जुना ट्रंपेट तुझ्या बापाने, गौरेशने, पोचा काढून आणला. देवाची भांडी घासायला काढलीच होती. म्हटलं, हेही पितळच. चिंच लावली, राख लावली. वरची तीन बटणं फिरवली तर आतून तीन नळकांडी निघाली. तीही घासली, खोबरेल चोपडून परत बसवली. आता लखलखतो, तोंड पाहून घ्यावं! फक्त वाजत नाही. फुंकून फुंकून तुझ्या बापाचे डोळे लाल झाले. वारा आत जातो तो बाहेर येतच नाही. सुविधा म्हणते, मी बिघडवला. हे वाक्य तिच्याच हातून मुद्दाम लिहून घेतलंय.

राग गिळ आणि उपाय कळव.
तुझी आजी

बेळगाव, ९ जानेवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझ्यावर रागवायचं तरी कसं गं! पण पंचवीस तारखेला पणजीत बँडची निवड आहे. कॉलेजचा ट्रंपेट मी परत करून बसले. हा वाजला नाही तर वर्षभराची मेहनत घेऊन तिथं हात हलवत उभी राहीन.

नळकांड्यांची अदलाबदल झाली असणार. प्रत्येकाचं घर ठरलेलं असतं. दुसऱ्याच्या घरात शिरलं की वाऱ्याची वाट बंद. त्यांच्यावर आकडे कोरलेत, ते आईला वाचायला सांग. एक नंबर तोंडाच्या बाजूला. राख नि खोबरेल कोमट साबणपाण्याने धू, पेटीतल्या बाटलीतलं तेल लाव. बाबांना पकड लावू देऊ नकोस.

माया आहे तशीच असू दे, ट्रंपेटवर मात्र थोडी कमी कर.
तुझी ऋतिका

धारगळ, १५ जानेवारी

चि. ऋतिकास आशीर्वाद.

मला अक्षर येत नाही हे त्या आकड्यांना बरं कळलं! दोन नळकांडी सुटली, मधलं हटेना. गौरेश पकड घेऊन धावला; ती मी तांदळाच्या डब्यात लपवली, अजून शोधतोय. पेल्यात पेला अडकला की बाहेरून ऊन पाणी ओततात. तसं ओतत, बोटांनी फिरवत बसले. दिवाबत्तीच्या आधी सुटलं. तुझ्या आईने आकडे वाचले, मी बसवली.

गौरेशचे गाल मऊ. माझी हयात फुंकणीने चूल पेटवण्यात गेली, तेव्हा मीच फुंकलं. असा आवाज निघाला की शेजारची देवकी पिशवी घेऊन बाहेर आली, पोदेर भोंगा वाजवत पाव घेऊन आला म्हणून!

पंचवीसला सकाळी गौरेश ट्रंपेट पणजीत आणून देईल. मधलं बटण राखेने किंचित खरखरतं, सांभाळून दाब. निवड होवो न होवो, तिथून थेट घरी ये. दुसरा सूर कसा काढतात, ते इथं कुणालाच ठाऊक नाही.

एकाच सुरावर अडलेली,
तुझी आजी