चिकटपट्टीवाली बाहुली

प्रिय आई,
सातासमुद्रापलीकडूनच पाया पडते. आम्ही मजेत आहोत.

तू शिवलेली बाहुली छकुलीच्या बालवाडीत पोचली. तिथे गोऱ्या, काळ्या, गव्हाळ अशा सगळ्या बाहुल्यांशी मुलं घर-घर खेळतात. काल बाईंनी मला बोलावलं. छकुलीने तू शिवलेल्या बाहुलीच्या तोंडावर चिकटपट्टी लावली होती.

"घरी गेलं की काढायची," ती म्हणाली. "बाहेर मराठी बोललं की लोक ओरडतात. तूच सांगितलंस ना?"

बसमध्ये आम्ही मराठीत बोलतोय म्हणून एक माणूस आमच्यावर ओरडला होता, तेव्हापासून मीच तिला गप्प करते. तुला कळवलं नव्हतं.

बाबांचा गुडघा कसा आहे? फोनवर छकुली कुजबुजली तर रागावू नकोस. हल्ली ती घरातही दार लागलंय का ते बघूनच बोलते.

तुझी लेक