शेंदूर लावलेला दगड

मंगळवार, सांज

विहिरीचं पाणी बाधन का, विचारलं तं हसते! सरपंच असून हसते! युरेनियम शोधाले आलेल्यायनं आमच्या विहिरीपाशी खोल बोअर मारलं, खुणेचा दगड गाडला आन् गेले. खाण होईन का नाई, कोणीच सांगत नाई. सासूबाईनं त्या दगडाले शेंदूर लावला, तं आता सारं गाव पाया पडते.

मले पाण्याचं पडलं. अकोल्याले देलेली माही पोर येत्या रविवारी बाळंतपणाले येऊन राहिली. तिले काय पाजू? सरपंच म्हणे, "वयनी, देव बसला न तिथं, कायले भेता?" त्याच्या घरी मात्र कॅनचं पाणी येते.

मीच एकटी भेकड हाओ का? तो दगड डोयापुढून हालत नाई.

सरपंचा, शनिवारपर्यंत पाणी तपासून सांग. नाई तं तो देव उपटून तुयाच ओट्यावर बसवतो.