रेघेखालचं नाव

प्रिय हुज्जतबाई,

फोन का केला नाहीस म्हणून तू आधी भांडशील, तेव्हा त्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो. फोनवर तू मला दुसऱ्या वाक्यालाच अडवतेस. मग मुद्दा राहतो बाजूला आणि आपण 'पण मामा, मघाशी तू असं म्हणालास' यावर येऊन अडकतो. आज मला शेवटपर्यंत बोलायचं आहे, म्हणून केबिनचं दार लावून हाताने लिहायला बसलोय. माझं अक्षर तुला लागेल अशी आशा आहे. आमच्या टायपिस्ट बाईंनी तर त्याच्यापुढे कधीच हात टेकले. लिहून झालं की तुझ्या खोलीच्या दाराखालून आत सरकवीन आणि पुढे जाईन. बेल वाजवणार नाही. नोकरीबद्दलची आमच्या फर्मची मेल तुला उद्या सकाळी येईल, तिच्याआधी हे तुझ्या हातात पडावं एवढंच मला बघायचंय.

तू धड जेवत नाहीस, असं ताई सांगत होती. तुझी आई म्हणजे माझी ताई, हे लिहायची गरज नाही, पण या महिन्यात ती आई कमी आणि सरकारी वकील जास्त झाली आहे. रोज सकाळी फोन. 'काय झालं पोरीचं?' मी रोज सांगतो, ताई, ते माझ्या हातात नाही. काल ती म्हणाली, "मग कुणाच्या हातात आहे? तू तिथे पार्टनर आहेस की पाहुणा?" तिला मी फर्मचे नियम कसे सांगणार? मी कायदा शिकत होतो तेव्हा ती लोकांचे कपडे इस्त्री करता करता पुस्तक समोर उघडं ठेवून मला प्रश्न विचारायची. एक कलम चुकलं की इस्त्री उचलून दाखवायची. अजूनही तिला निम्मी कलमं पाठ आहेत, आकडे सगळे चुकीचे, पण सांगते अशा आवाजात की समोरच्याला आपलंच चुकलं असं वाटावं. तुझी हुज्जत घालायची सवय कुठून आली याचा शोध घ्यायला लांब जायला नको.

आता कामाचं. मोठ्या फर्ममध्ये ग्रेडला किती महत्त्व असतं, हे तू मला पहिल्या वर्षापासून विचारतेस आणि मी दर वेळी 'असतं थोडंफार' म्हणून वेळ मारून नेतो. खरं सांगतो. खूप असतं. तुमचं कॉलेज मुलाखतींच्या चिठ्ठ्या टाकतं, ज्याची चिठ्ठी निघेल त्याला आम्ही वीस मिनिटं भेटतो, गोड बोलतो, हात मिळवतो. पण सगळं झाल्यावर बैठकीत नावं ग्रेडप्रमाणे लावली जातात आणि मध्ये एक रेघ मारली जाते. रेघेच्या वरच्यांवर चर्चा होते. खालच्यांच्या मुलाखतीत कोण काय बोललं होतं, ते कुणी उघडूनही बघत नाही. हे दुष्टपणाने होतं असं नाही. आम्ही कामाने पिचलेली माणसं आहोत, आणि रेघ मारली की आपण न्याय केला असं वाटून घ्यायला सोपं जातं. त्यात तुमच्याकडे वर्गातल्या ठरावीक जणांनाच 'अ' द्यायचा नियम, म्हणजे एक वर चढला की दुसरा आपोआप घसरला. रेघेवरची मुलं हुशार असतात यात वाद नाही. खालचीही असतात, हे सांगायला तिथे कुणी नसतं.

आणि तू खालीच होतीस. त्या करार कायद्याच्या 'क'मुळे. तो पेपर तू मला आणून दाखवलास तो दिवस मला आठवतो. यंत्र विकणारा, विकत घेणारा, यंत्र वेळेवर पोचत नाही, मग भरपाई कुणी किती द्यायची असे एकामागून एक उपप्रश्न. सगळ्या वर्गाने मुकाट्याने भरपाईचा हिशेब मांडला. तू मात्र शोधून काढलंस की विकणाऱ्याने होकार कळवल्याचं वाक्यच प्रश्नात नाही, म्हणजे करार झालेलाच नाही, मग मोडला कुठून? तेच सिद्ध करायला तू पानंच्या पानं लिहिलीस आणि पुढचे सगळे उपप्रश्न कोरे ठेवलेस. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं मी तुला म्हणालो आणि तू रडायच्या बेतात असूनही हसलीस. तुझ्या प्राध्यापिकाबाईंनी नंतर मान्य केलं की वाक्य छपाईत गळलं होतं. पण कोरे प्रश्न ते कोरेच, असंही म्हणाल्या. कायद्याने दोघींचं बरोबर होतं. मी रात्रंदिवस करारच लिहितो, तेव्हा तुला सांगतो, तो पेपर मी तपासला असता तर मलाही किती गुण द्यावेत ते कळलं नसतं.

रेघ ओलांडायची आमच्याकडे एकच वाट आहे. प्रत्येक पार्टनरला वर्षातून एकदा, रेघेखालच्या एकाच नावासाठी हात वर करता येतो. हात वर केला की ते नाव वर जातं, कुणी आडवं येत नाही. पण ते मूल मग त्या पार्टनरच्या गळ्यात. त्याच्या चुका त्या पार्टनरच्या चुका. म्हणून बरेच जण हात खिशातच ठेवतात. आणि नातेवाइकासाठी हात वर करता येत नाही. नाव आलं की नात्यातल्या पार्टनरने बाहेर जायचं. तेव्हा माझ्या हातात नाही असं मी ताईला सांगत होतो, ते अगदी अक्षरशः खरं होतं.

पण नियम केला की पळवाट निघते, आणि आम्ही तर वकील. आज बैठकीआधी कॉफीच्या मशीनपाशी आमचे दुसरे पार्टनर, खोकलेकाका भेटले. हे नाव तूच त्यांना ठेवलंस, लहानपणी इथे माझ्या टेबलाखाली बसून चित्रं काढायचीस तेव्हा, कारण ते प्रत्येक वाक्याआधी खोकतात. आज खोकले आणि म्हणाले, "तू बाहेर गेलास की तुझ्या भाचीचं मी बघतो. माझा पुतण्याही आहे बरं का यादीत." एवढंच. कप घेऊन निघूनही गेले. एका हाताने टाळी वाजत नाही हे मला कळायला त्यांनी आणखी काही बोलायची गरज नव्हती. मी हो म्हणालो नाही. नाही असंही म्हणालो नाही, हे तुझ्यापासून लपवत नाही. त्या क्षणी मला ताईचा चेहरा दिसत होता आणि मला फार बरं वाटलं होतं.

आता एक गोष्ट तुला माहीत नाही. माझा हात कुणासाठी वर जायचा ते मी मुलाखतींच्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. तुझ्याच कॉलेजची एक मुलगी आहे, तुझ्या वर्गातली नव्हे. ग्रेड तुझ्यापेक्षाही खाली. मी सगळ्यांना दोन पानी कराराचा मसुदा देतो आणि यात काय दिसतं ते विचारतो. मुलं तुटून पडतात, चुका काढतात, स्वल्पविरामसुद्धा सोडत नाहीत. तिने कागद वाचला, खाली ठेवला आणि विचारलं की यातला आपला अशील कोण, आणि हा करार झालाच नाही तर त्याचं काय होईल. इतकी वर्षं मी हा खेळ खेळतोय, कुणी हे विचारलं नव्हतं. मी स्वतःसुद्धा हे विचारायचं विसरलोय की काय, असं वाटून त्या दिवशी मी जेवलो नाही. तिच्या बाजूने बोलणारं त्या खोलीत दुसरं कुणी नाही. ना मामा, ना काका.

बैठक सुरू झाली. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या सगळ्यात ज्येष्ठ पार्टनर, रेघेखालची नावं वाचायला लागल्या. तुझं नाव आलं आणि मी उठून बाहेर गेलो. भिंत काचेची आहे, ऐकू काही येत नाही, पण दिसतं सगळं. खोकलेकाकांचा हात वर गेला. हुज्जतबाई, मला त्या कॉरिडॉरमध्ये उडी मारावीशी वाटली. ते तुझ्याबद्दल बोलत होते आणि मोठ्या बाई चक्क हसत होत्या. मला आत बोलावलं गेलं. पुढे दोनतीन नावं गेली आणि पुतण्याचं आलं. खोकलेकाका उठले, माझ्या खुर्चीमागून जाताना खुर्चीच्या पाठीवर त्यांनी जरासा हात ठेवला आणि बाहेर गेले. मुलगा वाईट नाही, सभ्य आहे, नीट बोलतो. बाईंनी विचारलं, कुणी? मी टेबलावरच्या माझ्या पंजाकडे बघत बसलो. कुणाचाच हात वर गेला नाही, बाई पुढच्या नावाकडे गेल्या. काका आत आले आणि त्यांना माझ्याकडे बघूनच कळलं. मग त्या मुलीचं नाव आलं आणि मी हात वर केला.

सह्या व्हायच्या आधी थोडी सुट्टी असते. तोवर हात खाली घेता येतो, दुसऱ्या नावाकडे वळवताही येतो. स्वच्छतागृहात मी तोंडावर पाणी मारत होतो, तिथे ते आले. रागावलेले नव्हते, ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. म्हणाले की अजून वेळ आहे, बाहेर बसून विचार कर, नाहीतर मला पुतण्याचं काय झालं ते घरी जाऊन सांगावं लागेल आणि तुलाही तुझ्या घरी सांगावं लागेल. हे बोलताना ते आणखी एक गोष्ट सांगून गेले, आणि ती ते खोटं सांगणार नाहीत. त्यांनी मोठ्या बाईंना तुझ्या पेपरची गोष्ट सांगितली होती. बाई म्हणाल्या होत्या, "ही मुलगी विरुद्ध पक्षाची वकील म्हणून माझ्यासमोर उभी राहिलेली मला नको, ती आपल्याकडेच हवी." धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, म्हणतात ना, तसं झालं. फोन काढून मी ताईचा नंबर लावला आणि तिने उचलायच्या आत बंद केला.

आत गेल्यावर बाईंनी विचारलं, कुणाला काही बदलायचंय का. मी मान हलवून नाही म्हटलं. खोकलेकाका या वेळी खोकले नाहीत, सरळ म्हणाले की मी माझा हात खाली घेतो. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, पण कारण विचारायची पद्धत नाही. तुझं नाव परत खाली गेलं आणि सह्या झाल्या. उद्याच्या मेलमध्ये आमचं नेहमीचं वाक्य असेल, की आपले गुण लक्षात घेता आम्हाला खेद वाटतो. ते वाक्य सगळ्यांना जातं आणि तू ते खरं मानशील. आयुष्यभर त्या उत्तरपत्रिकेला बोल लावत बसशील, आणि पुढच्या वेळी प्रश्न चुकीचा दिसला तरी मान खाली घालून भरपाईचा हिशेब मांडशील. तसं होऊ नये म्हणून हे लिहिलं. तुझा 'क' तुझ्या आड आला नाही. मी आलो, आणि काय होणार ते पुरतं माहीत असताना आलो. मला फार वाईट वाटतंय, आणि हीच बैठक उद्या परत झाली तरी माझा हात त्याच मुलीसाठी वर जाईल, हेही तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. आईला तू काही सांगू नकोस. तुझ्या दारावरून मी तिच्याकडेच जातोय, तिला मीच सांगेन.

तू बोलणं टाकलंस तरी तुझाच,
मामा