टेबल सातचा लिंबू सोडा

निघोजे,
९ मार्च २०२५

चि. विजयश्री,

अनेक आशीर्वाद. फोनवर बोलायला गेलो की माझा आवाज चढतो, हे तुला नव्याने सांगायला नको. म्हणून कागद घेतला.

घरी सगळं ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतोय, पण तोंड शाबूत आहे. मी डिसेंबरात कंपनीतून रिटायर झालो. एकतीस वर्षं क्वालिटी तपासली, आता घरातल्या भाकरीत खोड काढतो आणि बोलणी खातो.

मागच्या आठवड्यात आम्ही दोघं फिरायला गेलो. लोक महाबळेश्वरला जातात, आम्ही चिंचवडला गेलो! मोठ्या हॉटेलात दोन रात्री. आईला सांगितलं, कंपनीने निरोपाचं कूपन दिलंय. ती गादीवर बसली आणि म्हणाली, "आवं, ह्यात माणूस बुडंल की!" सकाळी नाश्त्याला इडलीपासून केकपर्यंत सगळं मांडलेलं. तर हिने पोह्यांवर शेव नाही म्हणून स्वयंपाक्याला बोलावून घेतलं. त्या बिचाऱ्याने कुठून तरी आणून दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाली रेस्टॉरंटात जेवायला बसलो. पलीकडेच बार, मध्ये भिंतसुद्धा नाही. मी बारकडे पाठ करून बसलो. का, ते तुला एव्हाना कळलं असेल. कूपन-बिपन काही नव्हतं. तुझ्या आतेभावाकडून, प्रितमकडून, तुझ्या हॉटेलचं नाव काढून घेतलं आणि खोली मीच घेतली. तुला लांबून बघायचं होतं. तिथे गेल्यावर तेवढाही धीर झाला नाही.

जेवण झालं, लिंबू सोडा सांगितला, आणि मी घोळ घातला. एवढी वर्षं कॅन्टीनमध्ये जेवलेला माणूस मी. जेवलो की ताट उचलायचं आणि धुवायच्या जागी नेऊन ठेवायचं. उष्टी प्लेट उचलली आणि निघालो मोरी शोधत! आई मागून "आवं, कुठं निघाला?" म्हणतेय. वळलो, तर समोर बारचा काउंटर आणि चार पावलांवर तू. केस घट्ट बांधलेले, मान खाली. वेटर तुला म्हणाला, "टेबल सात, लिंबू सोडा." ते आमचंच टेबल. तू ग्लास भरलास, स्ट्रॉ बुडवून थेंबभर चाखलंस, तोंड वाकडं केलंस आणि अख्खा ग्लास ओतून दिलास. दुसरा केलास. तोही चाखलास, मगच पाठवलास.

पोरी, लाइनवर आम्ही दुसरं काय करतो? शिफ्ट सुरू झाली की पहिला पीस तपासायचा, मापात बसत नसला तर बाजूला टाकायचा. माल कोणाकडे जाणार आहे, ते बघायचं नाही. हे मी किती जणांना शिकवलं, निम्म्यांना जमलं नाही. तुला मी शिकवलंच नव्हतं. तुला फक्त एवढंच म्हणालो होतो, "दारू ओतणारी पोरगी माझ्या घरात नको." दोन वर्षं ते वाक्य गिळायला बघतोय, घशातच अडकतं.

प्लेट वेटरच्या हातात कोंबून मी टेबलावर पळालो. सोडा प्यायलो. फार चांगला होता. आई माझ्याकडे बघत बसली होती. म्हणाली, "मला ठावं हाय ती हितंच हाय. दर रविवारी बोलते मी तिच्याशी. तुमचं तोंड कवा उघडायचं?" तरी सकाळी गुपचूप खोली सोडली. भित्रा आहे तुझा बाप.

पुढच्या महिन्यात गावची यात्रा आहे. भावकी जमेल, पाहुणे येतील आणि विचारतील, "पोरगी काय करते?" दोन वर्षं मी "हाय कुठल्या तरी ऑफिसात" असं सांगत आलो. या वेळी सुट्टी काढून ये आणि माझ्या शेजारी उभी राहा. उत्तर मी देईन, खरं देईन, मोठ्याने देईन. कुणी नाक मुरडलं तर त्याची गाठ माझ्याशी आहे.

माफ केलं असशील तर ये. नसलं केलं, तरी ये.

चुकलेला, पण तुझाच,
आप्पा